तोंड नको, हात घे

मोबाइल वर केला की वहिनींचा पदर थेट हनुवटीपर्यंत खाली यायचा. आतून हुकूम सुटायचा, "ओ बीकॉम, तोंड नको, हात घे!"

बीकॉम म्हणजे मी. आमच्या खानदानातला पहिला पदवीधर. भोकरदनच्या माझ्या मोबाइल दुकानात डिग्री लक्ष्मीच्या फोटोच्याही वर टांगलेली आहे. लक्ष्मीची अजून तक्रार आलेली नाही. वहिनी मागच्या गल्लीतल्या. येसूर करून विकायच्या. येसूर म्हणजे आमच्याकडचा आमटीचा मसाला. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालायचं. सासऱ्यांची अट एकच होती: मसाला जगाला दाखव, तोंड दिसलं की धंदा बंद.

म्हणून व्हिडिओत फक्त हात. हात चुलीवर मिरची परतायचे आणि मी मागे खोकून खोकून अर्धमेला व्हायचो.

"वहिनी, खोकला कापतो व्हिडिओतून."

"कापू नको! गिऱ्हाइकाला ठसका ऐकू आला पाह्यजे. फुकटचा पुरावा हाय तो."

एकदा त्यांना वरून व्हिडिओ हवा होता. स्टँड कुठून आणणार? त्यांनी बाज दोन ड्रमांवर चढवली आणि तिच्या सुतळीच्या फटीतून मोबाइलचा डोळा खाली वळवून ठेवला. परात राखेनं घासून लख्ख केली. "मळकी परात दिसली तर गिऱ्हाईक पळंल." आता कॅमेरा वर, परात खाली, तोंड दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनींनी पहिल्यांदाच पदर मागे टाकला आणि निवांत वाकून बसल्या. मला ठसका लागला, तशा खदाखदा हसल्या.

व्हिडिओ टाकला. तासाभरात खाली कुणीतरी लिहिलं, "परातीत कोण हसतंय?"

तुम्ही नीट पाहिलं असतं तर तुम्हालाही दिसलं असतं. मसाला पडायच्या आधी, रिकाम्या परातीच्या काठाशी, वहिनींचं हसरं तोंड. दातांसकट.

चहाच्या टपरीवर कुणीतरी तो व्हिडिओ सासऱ्यांना दाखवला. घरी येऊन त्यांनी चुलीवर पाणी ओतलं. "उद्यापून पेटवायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात वहिनी माझ्या दुकानासमोर उभ्या. हातात येसूरचं पाकीट, पदर खांद्यावर.

"लाव मोबाइल. दिसलंच हाय, तर मंग नीट दिसू दे."

"वहिनी, मामंजी…"

"त्यांच्याशी मी बोलून आले. तू बटण दाब."

दाबलं. त्या सरळ मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "परातीत हसली ती मीच. येसूरबी मीच करते." मग माझ्याकडे वळून, "टाक जल्दी, न्हाई तर पदर परत खाली यायचा."

त्या घरात मग त्यांची चूल पेटली नाही. वहिनी जालन्याला गेल्या, एमआयडीसीजवळ खोली घेतली. आता चार बाया हाताखाली आहेत आणि व्हिडिओ काढायला त्यांना बीकॉम लागत नाही. हे मला थोडं लागतं, पण असो.

सासरे अधूनमधून दुकानात येतात. चार्जर बघतात, घेत नाहीत. मग छताकडे बघत विचारतात, "ती काय करून राह्यली?"

मी व्हिडिओ लावतो. ते मोबाइल नाकाशी धरतात.

"कमी भाजती. घाई लई तिला."

मग धोतराच्या सोग्यानं काच पुसतात आणि म्हणतात, "पयल्यापून लाव."