सोमाजी आणि पन्नास सालचा वर्ल्ड कप

सोमाजीला खरं तर माईक लागत नाही. मूल गावच्या राईस मिलमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज तसाच होतो. मशीन चालू असताना पलीकडच्याला पोतं धर म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. तरी फुटबॉलचा सामना असला की तो माईक मागायला माझ्याच दारात येतो. माझं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. मी खुशाल. गेली अठरा वर्षं मी सामन्याला त्याच्या शेजारी बसून बॅटरी सांभाळतो आणि त्याच्यावर चिडतो. तो माईक तोंडात घालून बोलतो, वायरवर पाय देतो, आणि रंगात आला की खुर्चीवर उभा राहतो. खुर्च्याही माझ्याच असतात.

आमच्याकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की मूलपासून पार धानोऱ्याच्या जंगलापर्यंत गावोगावी सामने लागतात. मधला धुरा, म्हणजे बांध, फोडून दोन बांध्यांची एक करायची, धसकटं उपटायची, बांबूचे गोलपोस्ट रोवायचे आणि पहिलं बक्षीस म्हणून बोकड बांधून ठेवायचा, एवढी तयारी पुरते. खेळणारे बहुतेक अनवाणीच. सोमाजी स्वतः मिलच्या टीमकडून दोन हंगाम बॅकला खेळला. त्याने आयुष्यात एकच गोल केला आणि तो आपल्याच पोस्टात. हे तो स्वतःच माईकवरून सांगतो, म्हणून मीही लिहितो.

त्याचं खरं काम हाफ टाइमला सुरू होतं. त्या दहा मिनिटांत तो भारताच्या टीमचा इतिहास सांगतो. हा आता आमच्याकडचा रिवाजच झाला आहे. लोक सामन्याला उशिरा येतील, पण हाफ टाइमला हजर. एक्कावन्न साली दिल्लीच्या एशियाडात इराणला हरवून मिळवलेलं पहिलं सोनं, मेलबर्नच्या ऑलिंपिकमधला चौथा नंबर, बासष्ट साली जकार्तात सगळं स्टेडियम विरोधात ओरडत असताना कोरियाला दोन-एकनं हरवून मिळवलेलं दुसरं सोनं. हे सांगताना तो थरथरतो. तरुणपणी त्याने झाडीपट्टीच्या नाटकांत राजाची कामं केली आहेत, ते सगळं अंगात येतं. पुढचा उतारही तो लपवत नाही. बँकॉकचं ब्राँझ, मग वर्षानुवर्षं काही नाही, आणि अलीकडे कतारच्या एशियन कपमध्ये तीन सामने, तीन पराभव आणि एकही गोल नाही. "एक बी नाई, भाऊ!" असं म्हणून तो माईक खाली ठेवतो, आणि लोक घरचं कोणी गेल्यासारखे गप्प होतात.

हे वेड लागलं ब्याऐंशी साली. दिल्लीला एशियाड होतं, सोमाजी बारा वर्षांचा. शेजाऱ्याच्या रेडिओला कान लावून ऐकत होता आणि अगदी शेवटी सौदी अरेबियाने गोल केला. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. गुणाबाई, म्हणजे त्याची बायको, अजून म्हणते, "घरात तिखट संपलं तं याले पत्ता नसते, अन् बल्गेरियानं कितीनं हरवलं ते झोपीत सांगते." मेलबर्नला तिसऱ्या नंबरच्या सामन्यात बल्गेरियाने तीन-शून्यने हरवलं होतं. तिलाही पाठ झालं आहे.

पण लोक ज्यासाठी थांबत ते वेगळंच होतं. सोमाजी खुर्चीवर चढायचा.

"अन् मंग आलं सन पन्नास! ब्राझीलचा वर्ल्ड कप! आपल्याले बोलावणं आलं! पन ते म्हनाले, बूट घालून या. आपले गडी म्हनाले, ज्या उघड्या पायानं लंडनच्या ऑलिंपिकात खेळलो त्याच पायानं येऊ, नाई तं येतच नाई! अन् नाई गेले, भाऊ! मान नाई वाकवली!"

काय टाळ्या पडायच्या! अनवाणी पोरं आपल्याच मातीने भरलेल्या पायांकडे बघायची. म्हातारी माणसं डोळे पुसायची. मीही एकदोनदा पुसले आहेत, उगाच धूळ गेल्याचं दाखवून.

ही गोष्ट खरी नाही. दोन वर्षांपूर्वी आश्रमशाळेचे क्रीडाशिक्षक अश्वजित सर आमच्याकडे आले आणि त्यांनी सोमाजीला सगळं वाचून दाखवलं. गटातले बाकीचे देश मागे हटले, म्हणून आपल्याला जागा मिळाली होती. तिथे न्यायची सोय करायलाही यजमान तयार होते. पण आपल्याच मंडळींना ऑलिंपिक मोठं वाटायचं, वर्ल्ड कपचं काही विशेष वाटलं नाही. सरावाला वेळ नाही, टीम निवडण्यावरून एकमत नाही, अशी कारणं निघाली आणि टीम गेलीच नाही. बुटांचं निव्वळ निमित्त होतं, असं पुढे त्या टीमचा कप्तानच म्हणाला होता. आणि दोन वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत बहुतेक अनवाणीच खेळलो, तेव्हा युगोस्लाव्हियाने दहा-एकने धुतलं. मग आपणही बूट घातले.

सोमाजी दोन दिवस तोंड पाडून बसला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "खुशाल, आता काय सांगू मी लोकायले?"

मी म्हणालो, "राहू दे बे. टाळ्या येऊन राह्यल्या ना? कोनाचं काय बिघडते?"

हे मीच म्हणालो होतो. त्याने ऐकलं, ही त्याची चूक. पण सल्ला माझा होता.

या जानेवारीत मोहटोल्याला सामने होते. धानोऱ्याच्या पुढे जंगलातलं तीसेक घरांचं गोंडांचं गाव. मुलींचाही एक सामना ठेवला होता, आणि त्यात बुधरी नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीने तीन गोल मारले. मी बॅटरी सोडून उभा राहिलो, यावरून काय ते समजा. बॉल तिच्या पायाला घरच्या कोंबडीसारखा सवयीचा होता, हाकलला तरी परत यायचा. अश्वजित सरांनी तिथल्या तिथे तिच्या बापाला, कोलूला, गडचिरोलीच्या निवड चाचणीचा फॉर्म दिला. जिल्ह्याच्या मुलींची टीम निवडायची होती, चाचणी पुढच्या सोमवारी होती. सोमाजीने माईकवरून जाहीर केलं, की मागच्या वर्षी आपल्या बायांच्या टीमने थायलंडला त्यांच्याच घरी हरवून एशियन कप गाठला आणि आता मोहटोल्याची बुधरी निघाली. मग पोरांच्या सामन्यात हाफ टाइमला पन्नास सालही सांगितलं, खुर्चीवर चढून.

शनिवारी सर मिलवर आले. मीही तिथेच होतो. मशीन बंद करायला लावून त्यांनी सांगितलं, "बुधरी येत नाई. गावानं ठरवलं."

"काऊन?" सोमाजीने विचारलं.

"तुमच्यामुळे."

मोहटोल्यात कुठलीही मोठी गोष्ट एका घराची नसते. सगळं गाव मोहाच्या झाडाखाली बसतं, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसतं, आणि ठरलेलं मोडायचं तर त्याच बैठकीला मोडता येतं. बुधरीच्या जाण्यावरही बैठक झाली होती. सर बूट घेऊन गेले होते, शाळेतलेच कुणाचे तरी मागून आणलेले. बैठकीने ते हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. देशाच्या गड्यांनी बुटासाठी मान वाकवली नाही, मग आपली पोरगी कशाला वाकवेल? आणि बुटाशिवाय तर तिथे घेत नाहीत. म्हणजे जायचं नाही. यात कुणाला दुःखसुद्धा झालं नव्हतं. उलट गाव अभिमानाने उठलं होतं.

"अन् पोरगी?" मी विचारलं.

"तिनंच सगळ्यात आधी सांगितलं, मी बूट घालनार नाई म्हणून."

सोमाजी पोत्यावर बसला. मग म्हणाला, "खुशाल, उद्या सकाळी माईक काढ."

मी म्हणालो, माईक कशाला, तीस घरं आहेत, नुसता बोलला तरी ऐकू जाईल. तो म्हणाला, "माईकवरून सांगितलं होतं. माईकवरूनच वापस घेतो." मला राग आला, पण सल्ला माझाच होता, अडवायला मला तोंड नाही हेही कळत होतं. रविवारी पहाटेच टेम्पो काढला.

सरांनी निरोप दिला होता आणि तेही बूट घेऊन आले होते, त्यामुळे गाव झाडाखाली जमलं होतं. पुढे म्हातारी माणसं, बाया एका बाजूला, कोलू मधोमध. म्हाताऱ्यांना मराठी फारशी येत नाही, म्हणून सोमाजीचं बोलणं कुणीतरी गोंडीत सांगायला हवं होतं. कोलू म्हणाला, "बुधरी सांगन. ते गोष्ट बी तिनंच आमाले सांगितली होती." पोरगी उठून सोमाजीच्या शेजारी उभी राहिली. सोमाजीचा चेहरा मी पाहिला. एवढं त्याने गृहीत धरलं नव्हतं.

त्या दिवशी तो खुर्चीवर चढला नाही. म्हणाला, "मी तुमाले पन्नास सालची गोष्ट सांगितली होती."

बुधरीने गोंडीत सांगितलं. म्हातारे माना डोलवून हसले.

"ते गोष्ट खोटी हाये. अन् मले माहीत होतं."

बुधरी बोलेना. सोमाजीकडे बघत राहिली. बापाने विचारल्यावर तिने एका दमात काहीतरी सांगितलं आणि मान खाली घातली. हसणं थांबलं. पुढे तो वाक्य वाक्य सांगत गेला आणि ती वाक्य वाक्य सांगत गेली. जागा मिळाली होती. न्यायलाही तयार होते. बूट नव्हते म्हणून कोणी थांबवलं नव्हतं. हेलसिंकीचे दहा गोलही त्याने सांगितले. ते आकडे सांगताना बुधरीने बोटं दाखवली, आणि मागची एक बाई हळूच हळहळली.

एक म्हातारा उठून निघून गेला. मला वाटलं, आता बाकीचेही उठतील.

कोलूने विचारलं, "मंग कोनं थांबवलं होतं त्यायले?"

"ज्यांनी पाठवाचं होतं, त्यायनंच."

"काऊन?"

"त्यायले वाटलं, एवढं काई मोठं नाई ते. पुढच्या टायमाले जाऊ."

"मंग गेले पुढच्या टायमाले?"

"नाई."

"त्याच्या पुढच्या?"

सोमाजीच्या हातातला माईक खाली आला होता. तो नुसताच बोलला, आणि तेवढंही सगळ्यांना ऐकू गेलं. "शहात्तर वर्सं झाली, कोलू भाऊ. एक डाव बी नाई. आपन वर्ल्ड कप आजपर्यंत खेळलोच नाई."

बुधरीने हे गोंडीत सांगितलं. मी अठरा वर्षं टाळ्या ऐकल्या, पण इथे एकही पडली नाही, आणि मला आमच्या दोघांची फार लाज वाटली.

मग गोंडीत बोलणं सुरू झालं. तास गेला असेल. निघून गेलेला म्हातारा परत आला, तोही बोलला. मला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी कोलू सरांना म्हणाला, "बूट पाहू द्या." बूट दोन नंबर मोठे होते. कोलूने पुढे चिंध्या कोंबल्या आणि पोरीच्या पायांत स्वतः चढवले. ती दोन पावलं चालली आणि पडली. सगळं गाव हसलं, ती मात्र हसली नाही.

सोमवारी सर, सोमाजी आणि मी, आम्ही तिघंही बुधरीसोबत गडचिरोलीला गेलो. सोमाजीने मिलवर खाडा केला. बुधरी वाईट खेळली. वाईट म्हणजे तिच्या मानाने. चिखलात रुतल्यासारखी पावलं टाकत होती, दोनदा बॉल सोडून हवेतच लाथ मारली. शेवटच्या दहा मिनिटांत तिने एक गोल केला, तोही गोलकीच्या हातून सुटलेला. दुपारी नावं वाचली. अठरा जणींत तिचं नाव सतरावं होतं, राखीव. सरांनी टाळी वाजवली. सोमाजी मैदानाच्या कडेला ढसाढसा रडला आणि मी त्याला एकदाही हसलो नाही.

बुधरी बूट हातात घेऊन लंगडत आमच्याकडे आली. दोन्ही टाचांना फोड फुटले होते. सोमाजीने हात जोडले आणि म्हणाला, "पोरी, तुले माह्यावर राग असन."

"हाये," ती म्हणाली. "गावात सगळ्यायले मीच सांगितलं होतं ना ते."

ती गवतात बसून टाचेला लागलेली माती पुसत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, आता तुमी माईकवर माह्याबद्दल सांगान. तं दोन गोल मारले असं सांगू नोका. एकच मारला. तो बी तिच्या हातून सुटला होता."

"एकच सांगीन," सोमाजी म्हणाला. "सुटला होता हे बी सांगीन."