मुलाकडच्यांची अट

नागपुरातल्या एखाद्या मुलीने शिक्षण सोडावं आणि ते आमच्या मावशीच्या कानावर जाऊ नये, हे या जन्मी तरी शक्य नाही. मावशी म्हणजे माझ्या आईची चुलत बहीण. राहते नंदनवन भागात, पण पायाला भिंगरी असल्यामुळे सापडते कुठेही. पाच-सहा बायकांना हाताशी धरून तिने वस्तीच्या समाजभवनात मुलींसाठी अभ्यासिका काढली आहे. संध्याकाळी मुली तिथे अभ्यास करतात, बायका त्यांना आळीपाळीने घरापर्यंत सोडतात, आणि शेवटची मुलगी पोचल्याचा फोन आल्याशिवाय मावशी ताटावर बसत नाही. मावशीच्या आधी काकाही जेवत नाहीत. त्यामुळे हल्ली तेच मुलींना फोन लावतात आणि काकुळतीने विचारतात, "पोचली का बाई? इथं वरण थंडं होऊन राहिलं."

लग्नाला गेली की मावशी अहेर म्हणून फाइल देते. प्लास्टिकची, बटणाची, आत दहा कप्पे असलेली. स्टेजवर चढून नवरीच्या कानात आशीर्वाद द्यायच्या ऐवजी विचारते, "तुह्या मार्कशीटा कोणाजवळ आहे वं?" एकदा त्या माहेरच्या माळ्यावर, ट्रंकेत राहिल्याचं निघालं. मावशीने नवरीच्या भावाला तिथल्या तिथे गाडीवर पिटाळलं, आणि तो येईपर्यंत मुलीची पाठवणी अर्धा तास खोळंबली. नवरदेवाच्या काकांनी नाक मुरडलं तर म्हणाली, "साड्या सोबत नेता, भांडे सोबत नेता, मंग कागदंच काहून राहावं माहेरी?" तेही गप्प बसले. मावशीपुढे गप्प बसणं हा आमच्या घराण्यातल्या पुरुषांचा जुना आणि फायदेशीर व्यवसाय आहे.

मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं ठरलं तेव्हा शिकवायला बाई मिळाली, पण गुंड मिळेना. मावशीने मला बोलावलं. मी विमा कंपनीत काम करणारा, चष्मा लावणारा, जिना चढताना मध्ये थांबणारा माणूस. तरी मी भुवया चढवून एका आठवीतल्या मुलीच्या अंगावर गेलो. ती बिचारी संकोचून उभी राहिली. मागून मावशी ओरडली, "पाड वं! भाचाच आहे माहा, काही होत नाही त्याले!" पुढचे चार दिवस मी ऑफिसात उभ्यानेच काम केलं. त्या मुली मात्र रस्त्यात भेटल्या की अजूनही माझी आपुलकीने चौकशी करतात.

पण या सगळ्यावर कडी झाली ती महाल भागात. शिक्षण सुटलेल्या मुलींची यादी करत मावशी आणि तिची एक मैत्रीण तिथल्या एका घरी गेल्या. घराखालीच बटणं-दोरे, अस्तर-लेस असं शिलाईच्या सामानाचं दुकान. दुकानदाराच्या मुलीची, पल्लवीची, बारावी झाली होती आणि कॉलेज नको असं घरात ठरत आलं होतं. मावशीने वही उघडून विचारायला सुरुवात केली. मुलगी किती शिकली, वय काय, पुढे काय विचार आहे? आता दोन पोक्त बायका घरात येऊन असं विचारू लागल्या, तर शहाण्यासुरत्या माणसांनी काय समजावं? आत धावपळ झाली, आणि थोड्या वेळाने पल्लवी साडी नेसून, मान खाली घालून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मावशीच्या लक्षात येईपर्यंत तिची एक बशी संपली होती. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मुलाकडच्यांची काही अट?"

दुसरी कोणी असती तर ओशाळून उठली असती. मावशी म्हणाली, "मुलाकडच्यांले मुलगी ग्रॅज्युएट पाहिजे. आणि मुलाले घाई नाही."

हा घाई नसलेला मुलगा म्हणजे मी, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर पल्लवी बी.एस्सी.ला जाऊ लागली होती आणि सगळा प्रकार तिला मावशीने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकला होता. दुसऱ्या वर्षी मुलाच्या आईला सूनबाईला कॉम्प्युटर यायला हवा होता, तिसऱ्या वर्षी गाडी चालवता यायला हवी होती. माझी आई एवढी खाष्ट सासू म्हणून महालात गाजत होती, आणि इकडे ती बिचारी मेथीची भाजी निवडत होती. मी चिडून म्हटलं, "मावशी, हे खोटं आहे." ती म्हणाली, "खोटं काय त्यात गा? तुले बायको नाही, तिले नवरा नाही. बाकी सारं शिक्षणाचंच आहे ना?"

मला मात्र धाकधूक होती. बिंग फुटलं तर त्या पोरीचं कॉलेज त्याच दिवशी बंद होणार होतं. आणि शेवटच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना पल्लवीचे वडील माझ्या ऑफिसात येऊन उभे राहिले. मी त्यांना खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि सरळ कबुलीच देऊन टाकली. ते शांतपणे चहा पीत राहिले.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवाळीत समजलं. माह्या मोठ्या भावानं लग्नासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. त्याच्यासमोर माहं तोंड उघडत नाही. 'मुलाकडच्यांची अट आहे' म्हटलं की तो चूप बसते." मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तिले एम.एस्सी. कराची आहे. तुमच्या आईची अजून एखादी अट नाही का निघत?"

मी म्हटलं, "आई एम.एस्सी.शिवाय ऐकतच नाही." ते हसले आणि चहाच्या कपात बघत बसले. मला ते गृहस्थ फार आवडले.

हे सगळं मी मावशीला सांगितलं तेव्हा ती टाळी देईल असं मला वाटलं होतं. तिने हातातली वही मिटली. मावशीला दहावीनंतर शाळेतून काढून लग्न करून दिलं होतं, एवढं मला आईकडून माहीत होतं. तिच्या तोंडून तिच्या वडिलांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. वहीवरून हात फिरवत तिने विचारलं, "माहा बाप बी असाच असंल का गा? कोणी आलंच नाही आमच्या घरी, अट घेऊन."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. मग तिने डोळे पुसले, वही उघडली आणि बेसा गावातल्या एका मुलीच्या नावावर बोट ठेवलं. "हिचं नववीतच नाव काढून राहिले. उद्या जाऊ. या बापाले पहिले खरं सांगून पाहू."