झिलूच्या व्हॅनचा नारळ

कुंभारवाड्याच्या झिलूला गाडीतलं सगळं कळतं. कोण म्हणतं असं विचाराल, तर झिलूच म्हणतो. दिवसाला दोनदा बस येणाऱ्या गावात त्याच्या जुन्या व्हॅनचा केवढा आधार. फक्त जोयड्याच्या वाटेवर एका चढाला ती हटकून बंद पडायची. मग चढावरच्या देवाला नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं, खोबरं वाटून खायचं, की व्हॅन पहिल्या चावीला सुरू. देवाचं नाव झालं, आणि झिलूची मिस्त्रीकी झाकली गेली.

त्या दिवशी शेजारच्या शिटावर सासू, इंदुबाई. मांडीवर कोनफळ, बारक्या वासराएवढं. कंदमेळ्यातला वजनकाटा अकराला बंद होणार होता. गेल्या साली नारळ-गाऱ्हाण्यात उशीर झाला आणि सगळ्यात जड कंदाचा नंबर शेजारच्या पुतळीनं मारला, हे तिनं जावयाला वर्षभर ऐकवलेलं.

चढाला व्हॅन बंद. दहा वाजून दहा मिनिटं. नारळ घरी चुलीपाशीच राहिलेला.

इंजिन नेमकं सासूच्या शिटाखाली. तिला कोनफळासकट उतरवलं, मग चावी तिलाच फिरवायला लावून झिलूनं प्लगची वायर लोखंडाजवळ धरली. ठिणगी न्हाई. पेट्रोल होतं, करंट नव्हता. करंट सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला हात लावला आणि चटका बसलेलं बोट तोंडात घातलं.

डबीला सायकलच्या ट्यूबचं घट्ट अंगडं होतं. तीन पावसाळ्यांमागं, ओल शिरू नये म्हणून, त्यानंच घातलेलं. इकडं पावसात काडेपेटीपासून मोबाईलपर्यंत सगळं असंच गुंडाळतात. आणि व्हॅन चढाला अडायला लागली ती कधीपासनं? त्याच पावसापासनं. खोबरं खाऊन होईस्तवर डबी गार व्हायची, एवढीच करामत.

त्यानं ट्यूब कापली, पिळलेला ओला पंचा डबीवर धरला. गप्प बसता आलं असतं. पण सासू बघत होती.

"मामी, माजीच चूक. डबी मीच गुदमरवली."

"म्हंजे गेल्या साली माजा नंबर देवानं न्हाई, तुमी घालवला, जावय."

व्हॅन सुरू झाली. अकराला पाच कमी असताना कोनफळ काट्यावर चढलं, साडेअकरा किलो भरलं. पुतळी दुसरी आली.

परतीला व्हॅननं तो चढ एका दमात काढला. इंदुबाईनं वरती थांबवायला लावली आणि पिशवीतनं बाजारातला नारळ काढला.

"आता कशाला, मामी? डबी ठीक हाय."

"तीन वर्सं त्यानं तुमची चूक आपल्या अंगावर घेतली. फोडा."

झिलूनं नारळ फोडला, गाऱ्हाणंही घातलं. इंजिन मात्र चालूच ठेवलं होतं.