ताईने बांधून ठेवलेलं अंथरूण

आषाढातला सोमवार, ताईचा तेरावा दिवस. तलासरीच्या तिच्या घरात आम्ही चौघे होतो : थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, मी आणि ताईकडे वर्षानुवर्षं घरकाम केलेली जानी. मागे उरलेला ऐवज एवढाच : पत्र्याचे नऊ डबे आणि दोन पेट्या. दादाने मोठी पेटी उघडली आणि मी पदरी असलेला सगळा संयम घेऊन दाराकडे सरकलो. ओलं कुत्रं, आंबलेली पेज आणि तुंबलेली मोरी एकत्र केली तर येईल तसा वास. चादरींवर काळे ठिपके, गोधडीच्या घडीत पांढरी लव, उशीवर बोटाला चिकटणारा हिरवट डाग. जी बाई आयुष्यभर ओलीचा राग करत जगली, तिच्या पेटीत हे... श्रावण संपत आला तरी तो वास नाकातून पुरता गेलेला नाही. म्हणून लिहितो आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सरकारी दवाखान्यात परिचारिका. कासा, मग गंजाड, शेवटी तलासरी, अशा तिच्या बदल्या झाल्या. लग्न केलं नाही, त्याची कारणं तिने सांगितली नाहीत आणि आम्ही विचारली नाहीत. तिला राग यायचा, हसू यायचं, पण तिची खरी देणगी म्हणजे किळस. घाणीची किळस सगळ्यांनाच येते, तिला ती घाण होण्याच्या आधी यायची. आमच्या डहाणूच्या घरी आली की चहाच्या आधी कपाट उघडायची. एकदा आत डोकं घालून तिथूनच ओरडली, "काय रे, यात उंदीर मेलाय की हा तुझा लग्नातला कोट आहे?" कोटच होता. बायको इतकी हसली की चहा उतू गेला. ताई मात्र हसली नाही. तिने कोट काठीवर घेतला आणि गच्चीत नेला, साप नेतात तसा.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घर भरून ठेवण्याला आगोट म्हणतात. तांदूळ, डाळी, मिरची, सुके बोंबील, चिंच, मीठ, सरपण, सगळं ज्येष्ठ लागायच्या आत. बहुतेक घरांत आगोट म्हणजे खरेदी. ताईच्या घरात आगोट म्हणजे जागा लावणं. वैशाखात ती अख्खं घर अंगणात काढायची. डबे विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब. "भिंतीला टेकलेली वस्तू भिंतीची होते," असं म्हणायची. बोंबलाचा डबा पडवीत, तांदळाच्या वाऱ्यालाही नाही. काड्यापेट्या तांदळाच्या डब्यात खुपसलेल्या. कागदपत्रं स्टीलच्या डब्यात, तळाशी कोळशाची पुरचुंडी. आणि कपडे, अंथरुणं यांचा एक नियम, जो मोडला तर ती बोलणं टाकायची : उन्हातून काढलेली वस्तू गरम असताना पेटीत घालायची नाही. आधी सावलीत पसरायची, हाताला गार लागली की मगच घडी. "गरम घडी पेटीत गेली की तिला घाम फुटतो," हे तिचं शास्त्र. कडुलिंबाचा पालाही कुरकुरीत वाळलेला लागायचा. प्लास्टिकच्या पिशवीचा तर तिला इतका तिटकारा, की वहिनीने भेट दिलेल्या चेनवाल्या पिशव्या तिने कांदे ठेवायलासुद्धा वापरल्या नाहीत.

या सगळ्याला मी बरीच वर्षं वेड समजत होतो. मग एका दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा शहराकडून कुणी मंडळी टेम्पो भरून जुने कपडे पाड्यावर वाटून गेली होती. फोटो काढले, हार घेतले, गेली. आठवडाभरात ताईच्या दवाखान्यात खाजवणाऱ्या पोरांची रांग लागली. तिने एक स्वेटर माझ्या नाकासमोर धरला. "घे वास. ह्याला दान म्हणतात! घरातली घाण टाकायला जागा नाही, म्हणून गरीब शोधायचा." त्या दिवसापासून दर वैशाखात तिच्या आगोटीत एक वाटा वाढला : जानीचं अंथरूण. जानीचं घर कुडाचं, पावसाळ्यात कोपरा न् कोपरा गळतो. ताई तिच्यासाठी नवी गोधडी, दोन चादरी, एक उशी घ्यायची, स्वतःच्या कपड्यांसारखीच ऊन देऊन, गार करून ठेवायची. आधीच दिलं तर तेही भिजणार, म्हणून पावसाचा जोर वाढला, जानीचं जुनं ओलं झालं, की हे कोरडं बाहेर काढायचं.

यंदा ते बाहेर काढायच्या आत ताईच दवाखान्यात गेली. खाटेवरून मला म्हणाली, "जानीचं मोठ्या पेटीत आहे. देऊन टाक... तिला थंडी वाजत असेल." दुसऱ्या दिवशी ती गेली. मी सगळ्या धावपळीत होतो, देणं राहून गेलं. पाहुणे उतरले, दादाने पेटी उघडली, जानीचं अंथरूण पाहुण्यांना घातलं. पाहुणे गेल्यावर वहिनीने ते धुतलं, पडवीत दोन दिवस टांगलं, आणि दमट असतानाच, खराब होऊ नये म्हणून, त्याच चेनवाल्या पिशव्यांत कोंबून पेटीत ठेवलं. हेतू चांगला होता. बुरशीला हेतू कळत नाही.

आणि आता दादा ती गोधडी चिमटीत धरून उभा होता. ज्याने गेलेल्या माणसाची सेवा केली त्याला अंथरूण-पांघरूण द्यायचं, ही आमच्या घरची रीत. दादा म्हणाला, "जानी, हे घेऊन जा. ऊन पडलं की टाक वाळत."

"ऊन गणपतीनंतर पडेल," मी म्हणालो.

"तोवर चालतं रे. यांना सवय असते."

हे तो जानीच्या तोंडावर म्हणाला. सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, रोज पूजा करणारा माझा भाऊ. त्या पेटीपेक्षा जास्त किळस मला त्या वाक्याची आली.

जानी पुढे झाली, गोधडीजवळ नाक नेलं आणि मागे सरली. "नको भाऊ. आमचे घरात पानी गळते, पन असा वास नाय."

"बघ, आता हिचेही नखरे," वहिनी पुटपुटली.

"नखरे नाहीत, नाक आहे," मी म्हणालो.

"तेराव्याला भांडतोस?" दादा.

"तेराव्याला बुरशी वाटतोस?"

जेवणं झाली. ती गोधडी मी मागच्या अंगणात नेली आणि खड्ड्यात पुरली. जाळायची म्हटलं तरी ती पेटली नसती.

डहाणूला घरी आल्यावर जानीसाठी बाजारातून नवं आणावं, असं आधी मनात आलं. दुकानात गेलो. गाद्या-गोधड्यांच्या थप्प्या भिंतीला टेकलेल्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या. हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला. या दिवसांत डहाणूत कोरडं असं विकत मिळत नाही. कोरडं होतं ते आमच्याच माळ्यावर, एका पेटीत. वैशाखात ताई शेवटची आली, तेव्हा तिने आमच्या पाहुण्यांचं अंथरूण गच्चीत तापवलं होतं. मी घाईने घड्या घालायला गेलो, तर हातावर चापट मारली. "बस जरा. त्यालाही दम खाऊ दे." मग आम्ही दोघं सावलीत बसून चादरी गार व्हायची वाट बघत राहिलो... ती दर थोड्या वेळाने तळहात ठेवून बघायची, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. तिच्या हातची तेवढीच पेटी आता उरली होती. मला ती उघडायचीसुद्धा नव्हती, द्यायचं तर लांबच. दोन दिवस मी माळ्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "जानी कशावर झोपत असेल?" मी माळ्याला शिडी लावली.

जानीच्या घरात चूल धुमसत होती आणि गळतीखाली तीन पातेली होती. तिने पेटी उघडली. कडुलिंबाचा, उन्हाचा वास त्या ओल्या खोलीत पसरला. ती चादरीवर तळहात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "एवढे पान्यात आनली, भिजली कशी नाय?"

मी सांगितलं. डहाणूहून निघताना जीपवाला पेटी टपावर टाका म्हणत होता, ताडपत्री आहे म्हणाला. मी नाही म्हटलं. मग सीट अडेल, म्हणाला. अडू दे, म्हटलं. पेटी खिडकीपासून लांब, मधल्या सीटवर ठेवली, मी कडेला अर्धा टेकलो.

जानी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "म्हंजे सिस्टर बसून आली. तुम्ही लोंबकळत."

पेटी कुलूप-किल्लीसकट जानीला दिली. जीपवाल्याला दोन माणसांचं भाडं दिलं होतं : एक माझं, एक पेटीचं.