झाड नसलेलं जंगल

आमच्या कॉलेजात कंपन्या येत नसत. चंद्रपूरचं ऊन त्यांना सोसत नसावं. शेवटचं वर्ष लागलं तशी पोरं पुण्यातल्या नातेवाइकांचे पत्ते शोधायला लागली, अन् माझ्या बाबांनी चिमूरकडच्या एका राइस मिलवाल्याला मुलासकट चहाला बोलावलं. मी फणफणले तेव्हा म्हणाले, "होळीपर्यंत नोकरी दाखव, त्यायले नाई म्हणून सांगतो." बाबा शब्दाचे पक्के. नोकरी नाही दाखवली तर ते हो म्हणून सांगतील, हेही तितकंच पक्कं होतं.

नोकरीचा एकच रस्ता मला दिसत होता, नेट कॅफेतला. इंटरनेटवर तेव्हा प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा चालायच्या. कुठल्या शास्त्रज्ञाचं, कुठल्या कारखान्याचं काही अडलं की तो प्रश्न सगळ्या जगापुढं टाकायचे. देशोदेशीची पोरं त्याच्यावर तुटून पडायची. ज्याचं उत्तर बरं ते उचलायचे, बाकीच्यांची मेहनत गेली चुलीत. त्या वर्षी एका फेरीतून बंगळूरची एक कंपनी आपल्याकडच्या वरच्या काही जणांना थेट कामावर घेणार होती. कॉलेजचं नाव विचारणार नव्हती. मला दुसरं काय पाहिजे होतं?

माझी रूम पार्टनरही त्या फेरीला बसणार होती. ती राजुऱ्याकडची, कोळसा खाणीच्या वस्तीतली. मी जंगलाला लागून असलेल्या खेड्यातली. आईनं पाठवलेला चिवडा आधी ती खायची, मग मी. आम्ही दोघी एका प्रश्नावर भांडत भांडत शिकलो. हुशार होती, मी नाही म्हणत नाही.

या स्पर्धेची एक रीत होती. प्रोग्रॅम लिहायची वेळ संपली की थोडा वेळ सगळ्यांचे प्रोग्रॅम एकमेकांना उघडे व्हायचे. दुसऱ्याचा वाचायचा, त्यातलं भोक शोधायचं आणि तो जिथं कोसळेल असं एक उदाहरण त्याच्या अंगावर टाकायचं. कोसळला तर त्याचे गुण गेले, तुम्हाला वर मिळाले. याला 'मारणं' म्हणत. नंतर मशीन आपल्या चाचण्या लावायची अन् निकाल लागायचा. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, एकमेकींना मारायचं नाही. "माह्या आईची शपथ," ती म्हणाली होती. शपथ मी नव्हती मागितली, तिनंच घेतली.

फेरी सकाळची होती. कॅफेवाल्या चाचांनी आमच्यासाठी शटर लवकर उघडलं. दोघींमध्ये एक प्लायवूडची फळी. प्रश्न वणव्याचा होता. परदेशातल्या कुणा शास्त्रज्ञांना वणवा कसा पसरतो ते पाहायचं होतं म्हणे. चौकटीचौकटींचं जंगल, काहींत झाडं, काही रिकाम्या. आग कुठून कुठून लागली ते दिलेलं. एकूण झाडांपैकी किती हिस्सा जळेल ते सांगायचं. मला तर हसूच आलं. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात. आग कशी चालते हे मी काय पुस्तकात वाचणार! लिहिण्याची वेळ संपली तेव्हा मी कंपनी जिथवर घेणार होती त्या रेषेच्या वर होते. ती रेषेच्या जराशी खाली.

मग प्रोग्रॅम उघडले. मी तिचा वाचला. दोन बाजूंनी आग लागून मध्ये भेटली तर तिथली झाडं तो दोनदा मोजत होता. आमच्याकडे तर नेहमी दोन्ही बाजूंनीच लागते. बोट माउसवर होतं. शपथ आठवली, मी तिची खिडकी बंद केली आणि एका अनोळखी पोराचा प्रोग्रॅम वाचायला घेतला.

तेवढ्यात पडद्यावर ओळ आली. माझा प्रोग्रॅम मारला गेला होता. मारणारीचं नाव फळीपलीकडचं. तिनं टाकलेलं उदाहरण मी उघडलं. जंगल होतं, सगळ्या चौकटी रिकाम्या. झाड एक नाही. एकूण झाडं शून्य, माझ्या प्रोग्रॅमनं त्या शून्यानंच भागायला घेतलं आणि तिथंच तो मेला. ज्यात झाडच नाही त्याला जंगल म्हणतात, हे माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

मी रेषेच्या खाली, ती वर. मशीनच्या चाचण्या झाल्या. दोन बाजूंच्या आगीचं जंगल त्यांत निघालंच नाही. तिचा टिकला.

बाहेर येऊन मी विचारलं, "हे तुले सुचलं कसं?"

"आमच्या घरामागं तसंच हाये," ती म्हणाली. "कागदावर जंगल. खाणीनं एक झाड नाई ठेवलं." चेहऱ्यावर लाज नाही, काही नाही. चाचांनी पेढ्यांचं नाव काढायच्या आधीच ती ते आणायला निघाली होती.

खोलीवर येऊन तिनं चिवड्याचा डबा उघडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुह्या प्रोग्रॅममध्ये मले भोक दिसलं होतं. दोन बाजूंनी आग लागली की चुकत होता."

तिचा हात डब्यातच थांबला. ती घाबरेल, निदान खाली तरी बघेल, असं मला वाटलं. ती अगदी खरंच न कळल्यासारखं म्हणाली, "मंग मारलं काऊन नाई?"

तिला खरोखर उत्तर पाहिजे होतं.

होळीला बाबांनी मिलवाल्यांना होकार कळवला. लग्नाला ती आली नाही, बंगळूरहून मिक्सर पाठवला. चांगल्या कंपनीचा आहे, मरत नाही.