नामाची वाकळ आणि गुवाहाटीची गाडी

परवा लेकीला गाडीत बसवायला सांगली स्टेशनवर गेलो. तिच्या सीटवर पाकिटात घातलेलं ब्लँकेट ठेवलेलं होतं… ते बघितल्यापासून जिवाला चैन नाही. शाळा सातवीपर्यंतच झाली, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आणीबाणीच्या थोडं आधीची, ऐन पौषातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ नामदेव गुवाहाटीला गलाईच्या दुकानात होता. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम… आमच्या विट्याकडची माणसं देशभर तेच करतात. तेजाबाच्या धुरानं त्याची छाती गेली, म्हणून मी त्याला घरी आणायला गेलो.

दुकान आमच्या भावकीतल्या आप्पांचं. नामाची ट्रंक भरली आणि वर त्याची वाकळ बांधायला घेतली. आईनं जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली.

"वाकळ ठेव रं हितंच," आप्पा म्हणाले.

"आवं आप्पा, गाडीत थंडी लय हाय. ह्याच्या अंगावर काय घालू?"

"दुकानात झोपलीय ती. दुकानाची झाली."

मला काही उमजेना. मग नामानंच समजावलं. भट्टीशेजारीच माणसं झोपतात, सोन्याची बारीक धूळ अंथरुणात बसते. म्हणून केर, चटया, फाटके कपडे सगळं शेवटी जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. मी आपला वाकळ आईची समजून बसलो होतो… ती तिथंच सोडून निघालो.

गाडी म्हणजे काही एक गाडी नव्हे. आधी छोट्या रुळांची, मग बदलून मोठ्या रुळांची, मग हावडा, तिथून नागपूरवरून कल्याण, पुढं पुणं आणि मग आपलं कराड. सगळा देश आडवा कापायचा. मला प्रत्येक स्टेशनवर धास्ती… पाण्याला उतरलो आणि गाडी सुटली तर? तिकिटं बंडीच्या खिशात, सारखी चाचपायचो.

नामाची हुडहुडी थांबेना. ट्रंकेतले सगळे कपडे त्याच्या अंगावर घातले, माझं धोतर गुंडाळलं. खिडकीची फळी नीट बसत नव्हती, तिथं मी पाठ लावून बसलो. तरी त्याचे दात वाजायचेच.

हावड्याला एक म्हातारी चढली. तिची भाषा मला कळेना, माझी तिला. थोडा वेळ तिनं नामाकडं बघितलं, मग बोचक्यातून स्वतःची रजई काढून त्याला पांघरली. आपण पदर आवळून, पाय पोटाशी घेऊन बसली. मी रजई परत द्यायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली.

दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर तिचं स्टेशन आलं. रजईची घडी घालताना तिचा हात रेंगाळला… तिच्याकडंही ती एकच असणार. रजई बोचक्यात घालून, नामाच्या कपाळावर हात ठेवून ती उतरून गेली.

घरी उंबऱ्यातच आईनं विचारलं, "वाकळ कुठाय रं?"

मी तोंड उघडायच्या आत नामा म्हणाला, "गाडीत चोरली कुणीतरी."

नंतर परड्यात मला म्हणाला, "दादा, आप्पांचं नाव काढू नगंस, माझी शपथ हाय. बरा झालो की मला परत जायाचंय."

जाणं झालंच नाही. शिमग्याच्या आतच तो गेला.

आप्पा जत्रेला गावी आले, तेव्हा आईला भेटायला घरी आले. आई रडत रडत वाकळीचं सांगत होती… लेकरू गारठून आलं म्हणाली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या मुलखातली माणसंच तसली, काकू. जरा डोळा लागला की संपलं."

मी खांबाला टेकून उभा होतो. नामाची शपथ होती…

त्यानंतर आई गावातल्या प्रत्येक बाईला सांगायची, रेल्वेनं जाणार असशील तर अंथरूण पोटाशी धर, तिकडं सगळे चोर. मरेपर्यंत सांगत होती. आता आप्पाही नाहीत.

त्या म्हातारीचं नाव, गाव मला ठाऊक नाही, आणि ती आता असणारही नाही. आमच्या गावात इतकी वर्षं चोर ठरलेल्या मुलखातली ती बाई… तिच्या रजईखाली माझा भाऊ त्या प्रवासात एकदाच शांत झोपला. तिचे उपकार आहेत, एवढंच सांगायचं होतं.