मागावर बूट

लोक म्हणतात, जुनं उकरू नये. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! भर मैदानात, चारशे माणसांसमोर, त्यांच्या अंगातला सदरा कुणी उतरवून घेतलेला नाही.

माझा घेतला. नगरला लागूनच असलेल्या भिंगारला लष्कराच्या कोठारात मी कारकून होतो आणि तिथल्या मुलकी नोकरांच्या फुटबॉल टीममध्ये खेळायचो. आमचा कप्तान म्हणजे माझाच हेडक्लार्क. एका मॅचमध्ये माझा एक पास चुकला, समोरच्यांनी त्यावर गोल मारला आणि आम्ही हरलो. मॅच संपल्यावर या गृहस्थानं मला सगळ्यांसमोर उभं केलं, टीमचा सदरा काढायला लावला आणि म्हणाला, “याला पास देता येत नाही. याला टांगा हाकायला लावा.” सगळे खो खो हसले. मी उघड्या अंगानं भिंगारचा बाजार ओलांडून घरी आलो. त्या दिवशी ठरवलं, याला याच मैदानात, याच लोकांसमोर धूळ चारीन. तेवढं झालं की मग मेलो तरी चालेल.

नगरात तेव्हा घरोघर हातमाग होते. आमच्या गल्लीच्या मागेच विणकरांची वस्ती. संध्याकाळी माग थांबला की तिथली पोरं-माणसं चिंध्यांचा चेंडू लाथाडत बसायची. मी एकदा उभा राहून बघितलं आणि जागच्या जागी खिळलो. अहो, काय ते पाय! मागाचा विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दिवसभर पायाखालच्या फळ्या दाबतो, एक दाबायची, एक सोडायची. किती दाबायचं ते त्याच्या पायाला कळतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही. मी म्हटलं, देवानं माझं ऐकलं!

मग शिकवणं सुरू झालं. किल्ल्यात तेव्हा मोठे पुढारी कैदेत होते, जवळच्या मैदानाकडे पहाऱ्यामुळे कुणाला फिरकू देत नसत, म्हणून आम्ही वस्तीमागच्या पडीक जागेत खेळायचो. मी दोनच गोष्टी शिकवल्या. चेंडू आला की त्याच्याशी भांडायचं नाही, पाय थोडा मागे घ्यायचा, म्हणजे चेंडू पायाशी मरून पडतो. आणि पास द्यायचा तो पायाच्या आतल्या कडेनं, गडी उभा असेल तिथं नव्हे, तो पोचणार असेल तिथं. चेंडूला तिसऱ्यांदा पाय लागला की त्या गड्यानं जागेला एक फेरी मारायची. सुरुवातीला सगळे फेऱ्याच मारत होते. दोन महिन्यांत कुणावर फेरीची पाळी येईना.

त्यांच्यातला एक सगळ्यांत तयार होता. माझ्याच वयाचा, बोलायला कमी. कसाही फेकलेला चेंडू त्याच्या पायाशी येऊन मांजरासारखा बसायचा. मला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे, ते त्यानंच सुरू केलं.

भिंगारच्या त्याच मैदानात मॅचेस भरल्या, आम्ही नाव दिलं. पण कप्तान आता भरवणाऱ्यांच्या कमिटीत होता. आठ दिवस आधी फलकावर लागलं, अनवाणी गड्यांना खेळता येणार नाही, पायांना इजा होते. वा रे वा! मेल्याला जन्मात पहिल्यांदा आमच्या पायांचा कळवळा आला!

मी हटणाऱ्यांतला नव्हतो. भिंगारच्या बाजारातून लष्करानं भंगारात काढलेले अकरा जोड बूट आणले, चांभाराकडून तळाला कातडी पट्ट्या ठोकून घेतल्या. पोरांनी ते चढवले आणि सगळी विद्या गेली. चेंडू पायाला लागून दगडावर आपटल्यासारखा उडायचा.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. म्हणालो, “दिवसभर बूट घालूनच मागावर बसा. बुटातून फळी कळली की चेंडूही कळेल.”

एकेकजण बूट उतरवायला लागला. विणकर चपलासुद्धा दाराबाहेर काढून मागात उतरतो, माग म्हणजे त्याचा देव. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं. शेवटी तो माझा गडी म्हणाला, “मी बसतो, मास्तर.” तो बसला म्हणून बाकीचे बसले.

त्याची बायको आख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी कडाडली, “द्येवाला बूट लावताय! लाज हाय का न्हाई?” पहिले दोन दिवस त्याचे धागे तुटतच राहिले. तिसऱ्या दिवशी कमी तुटले. पाचव्या दिवशी पडीक जागेत बुटातल्या पायावर चेंडू पुन्हा मरून पडला. मी नाचायचाच बाकी होतो.

मॅचच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे लंगडत आला. टाच सोलून लाल झाली होती, घोट्यापर्यंत सूज.

“मास्तर, आज दुसऱ्या कुनाला तरी घ्या. टाच टेकत न्हाई. पाय गेला तर मागावर कसा बसू?”

मी म्हणालो, “गड्या, आजचा दिवस रेट. उद्यापासून बस की आराम करत.”

तो लंगडतच गेला आणि बूट चढवायला बसला.

कप्तानाच्या टीमशी मॅच कशी झाली म्हणून सांगू! पोरांना मी एकच बजावलं होतं, कप्तानाच्या भोवतीनं खेळा. तो उजवीकडे धावला की चेंडू डावीकडे, डावीकडे आला की उजवीकडे. अर्ध्या तासात त्याची जीभ बाहेर आली. लोक ओरडायला लागले, “पळा सायेब, पळा!” माझ्या कानांना ते सनईसारखं लागत होतं. संपायला थोडा वेळ असताना माझ्या गड्यानं दुखऱ्या पायावर उंच चेंडू झेलला, जागच्या जागी निपचित पाडला आणि कप्तानाच्या दोन पायांमधून पास काढला. पुढच्यानं गोल केला. कप्तान वळायला गेला आणि तोंडावर पडला, अगदी सपशेल पालथा. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मॅच संपल्यावर मी मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, टांगा हाकता येतो का?” त्याचे कान लालबुंद झाले. रात्रभर मी अंथरुणात एकटा हसत होतो.

माझ्या गड्याचा बूट पायातून निघेना, कापून काढावा लागला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पाय चिघळला. मी जाईन जाईन म्हणत पंधरा दिवस काढले आणि मग डझनभर केळी घेऊन गेलो.

चपला दाराबाहेर काढल्या. खड्ड्यात त्याची बायको बसली होती, पाय अडखळत फळ्या दाबत होती. तो भिंतीला टेकून, पाय उशीवर ठेवून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होता. त्यांच्यात ते बायकांचं काम. मला ‘बसा’ कुणी म्हणालं नाही.

तिनं माग थांबवला. म्हणाली, “वस्ती म्हनती, आपन जिंकलो. मी रोज इचारते, हे सांगत न्हाईत. तुमी तरी सांगा. त्या दिवशी कोन जिंकलं?”

मी हातातली केळी खाली ठेवली. त्यानं वर बघितलं नाही. कांडीवर सूत गुंडाळत म्हणाला, “मास्तर जिंकले.”